चार टक्क्यांचं पत्र

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी यंत्राने आकडा दाखवला. चार. राजभवनातली हस्ताक्षर-तपासनीस वृंदा खानविलकर हिने चष्मा काढला, ओढणीने पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला. आकडा काही बदलला नाही. शंभरपैकी चार.

म्हणजे काचेवर पसरलेलं ते पत्र लेफ्टनंट जनरल उदयसिंह घोरपडे यांनी लिहिलेलं नव्हतं. निदान यंत्राचं तरी तसं म्हणणं होतं, आणि गेल्या दोन वर्षांत यंत्राचं म्हणणं खोडून काढायची राजभवनात कोणाची हिंमत झाली नव्हती.

आता कोणी विचारील, बाबांनो, तुमच्या काळात फोन नव्हते का, की युद्धाच्या धामधुमीत पत्रं लिहीत बसलात? फोन होते की. तेच तर दुखणं होतं. युद्धाच्या पहिल्याच आठवड्यात धवलप्रदेशच्या पोलीसप्रमुखांना जनरलसाहेबांचा फोन आला. तोच घसा, तोच मधला खोकला, तीच कोल्हापुरी शिवी. खिंडीतले पोलीस खाली आणा, म्हणाले. पोलीस खाली आले आणि शत्रू खिंडीत शिरला. आवाज यंत्राने घडवलेला होता. नंतर पडद्यावरचे चेहरेही तसलेच निघायला लागले. बायको नवऱ्याचा फोन उचलताना आधी दोन खोचक प्रश्न विचारून खात्री करून घ्यायची, तिथे सरकारची काय कथा.

मग ठरलं, महत्त्वाचं जे काही असेल ते कागदावर. राज्यात राष्ट्रपती राजवट होती, त्यामुळे सगळा कारभार राज्यपाल न्यायमूर्ती कमलाकर धारप यांच्या अंगावर पडलेला. आघाडी जनरल घोरपड्यांकडे. एक वाईचा, एक कागलचा, आणि देशाच्या पार वरच्या टोकाला बसून दोघं एकमेकांना मराठीत अर्धशासकीय पत्रं लिहीत होते. या पत्रांची एक जुनी रीत आहे. मजकूर टंकलिखित असतो, पण वरचं ‘प्रिय’ आणि खालचं ‘आपला’ साहेबाने स्वतःच्या हाताने, शाईने लिहायचं. साहेबलोक गेले, ही रीत मात्र राहिली, आणि यंत्र उभं होतं ते याच चार-सहा शब्दांवर.

तुमचा-आमचा कोणाचाही हात स्थिर नसतो. मेंदू स्नायूला हुकूम देतो, स्नायू उलट खबर देतो, आणि या देवाणघेवाणीत हात सेकंदाला आठ-दहा वेळा थरथरतो. डोळ्यांना ते दिसत नाही, पण पेनाच्या टोकाने कागदात जो बारीकसा चर पडतो, त्यात ती थरथर उमटते. यंत्र लेसरच्या किरणाने त्या चराची खोली मोजायचं आणि आधीच्या नमुन्यांशी ताडून बघायचं. अक्षराचं वळण कोणीही सरावाने उचलू शकतो. थरथर उचलता येत नाही, कारण ती त्या माणसाच्या मज्जातंतूंची असते. सही मात्र यंत्राच्या कामाची नव्हती, ती इतक्या झटक्यात होते की मोजायला काही उरतच नाही.

आजचं पत्र तर टंकलिखितही नव्हतं. सबंध पानभर हाताने लिहिलेलं. नव्वदच्या वर आकडा आला तर पत्र खरं, असा नियम होता. आणि आज आले होते चार.

---

“मला आश्चर्य वाटत नाही,” गृहसचिव लोहोकरे म्हणाले. लोहोकऱ्यांना कशाचंच आश्चर्य वाटत नसे. जगावर संशय घ्यायचाच ते पगार घेत होते. “मजकूर बघा ना, सर. खोटेपणा उघड आहे.”

राज्यपालांनी पत्र डोळ्यांजवळ धरून मोठ्याने वाचलं. “रोंगला शहर उद्या दुपारी चारच्या आत रिकामं करा. पूल चारपर्यंत धरतो. रस्ता पूर्ण तुमचा आहे. आमची एकही गाडी त्यावर येणार नाही, वर नाही आणि खालीही नाही. दारूगोळ्याचा ताफा परत फिरवा.”

“कोणता सेनापती दारूगोळा नको म्हणतो?” लोहोकरे म्हणाले. “दोनशे ट्रक वर निघालेत. आपण अठ्ठावीस हजार माणसं त्याच घाटात उतरवली की ताफा अडकला. वरून विमानं आली की ट्रकही गेले आणि माणसंही. शत्रूला हेच हवंय.”

“आणि पत्र खरं असलं तर?”

“तर परवा रोंगला त्यांच्या ताब्यात, माणसांसकट. पण यंत्र चार म्हणतंय, सर.”

विचारायला मोटारसायकलस्वार पाठवावा तर जाऊन-येऊन एकोणीस तास लागत. शहर हलवायला चोवीस. पत्र आणणारा स्वारसुद्धा शेवटच्या चौकीवर बदललेला, मूळचा कोण होता ते कोणालाच सांगता येईना. राज्यपालांनी घड्याळाकडे पाहिलं आणि मग वृंदाकडे.

“वृंदाबाई, नियमाप्रमाणे दाखला तुम्ही द्यायचा. खरं किंवा खोटं. साडेतीनपर्यंत माझ्या टेबलावर हवा. तुमच्या सहीवर अठ्ठावीस हजार माणसं आहेत, एवढं लक्षात ठेवा.”

जसं काही ते विसरता येणार होतं.

---

खोलीत येऊन तिने दार लावून घेतलं आणि जुनी पत्रं बाहेर काढली. घोरपड्यांची एक्केचाळीस पत्रं, सगळी सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव टक्क्यांची. यंत्र बसवलं तेव्हा लष्कराच्या मुख्यालयाने पाठवलेले अधिकृत नमुनेही त्यातच होते, ‘समक्ष लिहून घेतले’ अशा साक्षीसह. साक्षीदाराची सही तिला पाठ होती. मेजर अजित खानविलकर. तिचा नवरा. सहा वर्षं तो जनरलसाहेबांचा लष्करी सहायक होता. नऊ दिवसांपूर्वी अपेंडिक्सच्या ऑपरेशनसाठी त्याला खाली आणलं होतं, आणि तो क्वार्टरवर पोटाला पट्टी बांधून पडलेला होता. तेव्हापासून वरून आलेलं हे पहिलंच पत्र.

खोटं पत्र कुठे चुकलंय ते शोधायचं म्हणून तिने खऱ्या पत्रांपैकी एक सूक्ष्मदर्शकाखाली घातलं. पेन ज्या दिशेने जातं त्या दिशेला कागदाचे तंतू लवतात. ‘प्रिय’ या शब्दावरची शिरोरेषा तिने नीट पाहिली, मग पुन्हा पाहिली.

रेघ उजवीकडून डावीकडे ओढलेली होती.

तिने दुसरं पत्र घातलं. तिसरं घातलं. सगळीकडे तेच. अशी उलटी रेघ ओढणारा एकच माणूस तिच्या ओळखीचा होता. तो लहानपणी डावखुरा होता. मास्तरांनी पट्टी मारमारून त्याचं लिहिणं उजव्या हातावर आणलं, पण शिरोरेषेची दिशा काही सुधारली नाही. लग्नाआधीच्या त्याच्या पत्रांवरून ती त्याला किती चिडवायची.

तिच्या पर्समध्ये औषधांची यादी होती, कालच अजितने लिहून दिलेली. तिने ती काचेवर ठेवली. बटण दाबलं.

सत्त्याण्णव.

यंत्राच्या मते जनरल उदयसिंह घोरपडे यांनी स्वतःसाठी पोटदुखीच्या गोळ्या मागवल्या होत्या.

दोन वर्षं राज्यपाल ज्याच्या शब्दावर गावं उठवत होते आणि धान्य वळवत होते, तो शब्द तिच्या नवऱ्याच्या हातचा होता. जनरलसाहेब होते तरी का? कधीच गेले असतील आणि अजित त्यांच्या नावाने लिहीत असेल तर? कोणाच्या सांगण्यावरून? मनात पाल चुकचुकली की जुन्या जुन्या गोष्टी नवीन तोंडाने बोलायला लागतात. काल दुपारी त्याने विचारलं होतं, डाक आली का. आज सकाळी परत तेच. आजारी माणसाला कशाला हव्यात डाकेच्या चौकशा?

---

अजित खिडकीपाशी बसून मऊ भात खात होता. तिने औषधांची यादी त्याच्यापुढे ठेवली.

“हे जनरलसाहेबांचं अक्षर आहे,” ती म्हणाली. “सत्त्याण्णव टक्के.”

त्याने घास तोंडात तसाच ठेवला. मग सावकाश गिळला. कानांवर हात ठेवील, चिडेल, असं तिला वाटलं होतं. त्यातलं त्याने काही केलं नाही.

“कधीतरी हे निघणारच होतं,” तो म्हणाला.

“काय निघणार होतं? नीट सांग, अजित. कोणासाठी करत होतास हे?”

“कोणासाठी म्हणजे?” त्याला आत्ता कुठे उमगलं. “अगं, तू मला हेर समजतेस की काय?”

“मला काय समजायचं ते अजून ठरायचंय.”

“साहेब सांगायचे, मी लिहायचो. एवढंच आहे. दिवसाला पन्नास पत्रं निघतात. कोणता साहेब ‘प्रिय’ आणि ‘आपला’ स्वतः लिहीत बसतो? हाताखालचा माणूस साहेबाचं वळण गिरवतो आणि कागद सहीला पुढे सरकवतो. आमच्याकडे सगळीकडे हेच चालतं. माझ्या आधीचा करायचा, त्याच्या आधीचा करायचा.”

“आणि नमुन्यांचा फॉर्म? ‘समक्ष लिहून घेतले’?”

अजितने ताटलीकडे पाहिलं. “नमुने मागवल्याचं पत्र आलं तेव्हा साहेब पुढच्या चौक्यांवर गेले होते. मुदत दुसऱ्या दिवशीची होती. मी वीस ओळी लिहिल्या आणि मीच साक्षीदार म्हणून सही केली. पुढे मागे घ्यायची सोय राहिली नाही. युद्धात खोटी साक्ष म्हणजे कोर्टमार्शल, वृंदा. आणि मला वाटलं, लिहिणारा मीच आहे, जुळवणारं यंत्र माझ्याशीच जुळवतंय, कोणाचं काय बिघडतंय?”

तिला हसावं की रडावं कळेना. कोट्यवधींचं यंत्र, मज्जातंतूंचं शास्त्र, डोळ्यांत तेल घालून केलेला पहारा, आणि मुळात चिकटवलेलं नावच चुकीचं.

“आज एक पत्र आलंय,” ती म्हणाली. हे सांगायची तिला परवानगी नव्हती. “सबंध हाताने लिहिलेलं. चार टक्के.”

तो ताडकन उठला आणि पोट धरून परत खाली बसला. “हाताने? सबंध?”

“हो.”

“मग ते साहेबांचं आहे. स्वतःचं. मी इथे पडलोय ना.”

“तुझ्या जागी कोणीतरी असेलच की.”

“कॅप्टन आहे एक. त्याचं अक्षर चांगलं आहे. लिहायला माणूस होता, तरी साहेबांनी स्वतः लिहिलं.” त्याने ताटली बाजूला सारली. “साहेब स्वतः एकाच प्रकारची पत्रं लिहितात. जवान गेला की त्याच्या घरी. ती मला कधी लिहू दिली नाहीत. दार लावून बसायचे.”

वृंदा त्याच्याकडे पाहत राहिली. बावीस वर्षांचा संसार झालेला, आणि ती त्याच्या चेहऱ्यावर खुणा शोधत होती. शत्रूचा माणूस असता तरी त्याने नेमकं हेच सांगितलं असतं. चार टक्क्यांचं पत्र खरं म्हणा, घाट माणसांनी भरून टाका.

“तुझं खरं कशावरून मानू?” तिने विचारलं.

“तसं एखादं पत्र मिळव आणि लाव यंत्राला,” तो म्हणाला. “शेजारीच आहे एक.”

---

शेजारच्या क्वार्टरमध्ये रेश्मा निकम राहायची. नाईक संदीप निकमची बायको, माण तालुक्यातली. संदीप पावसाळ्यात वर गेला आणि राहिला. जनरलसाहेबांचं पत्र तिने देवांच्या फळीवर ठेवलं होतं, आणि खराब होऊ नये म्हणून बाजारातून जाड प्लास्टिकमध्ये बंद करून आणलं होतं. दोन्ही बाजूंनी गच्च.

वृंदाने ते हातात घेतलं आणि उजेडासमोर धरलं. लेसर प्लास्टिकवरून परतला असता. चर मोजायचे तर प्लास्टिक सोलायला हवं, आणि सोललं तर त्याबरोबर कागदाचा पापुद्रा निघून येणार.

“रेश्मा, मला हे हवंय. दोन तासांसाठी. पण खरं सांगते, ते फाटेल. परत देताना त्यातलं काही राहील की नाही सांगता येत नाही.”

“कशाला हवंय, ताई?”

“सांगता येणार नाही गं.”

रेश्माने पत्र हातात घेऊन एकदा वाचलं. तोंडपाठ असणार, तरी वाचलं. “ह्यात त्यांनी लिवलंय, संदीप रात्रीच्या पहाऱ्यावर गाणी म्हणायचा. मला घरात कधी म्हणून दावलं न्हाई. सायबांस्नी कसं ठाऊक असंल?” तिने पत्र वृंदाच्या हातात दिलं. “घिऊन जा. तुमी उगा मागायच्या न्हाई.”

वृंदाला तिच्यापुढे उभं राहवेना. एवढ्या सरळपणाची तिला सवयच राहिली नव्हती.

प्लास्टिक तिने गरम पात्याने कडेने कापलं आणि केसाएवढं केसाएवढं सोलत नेलं. वरच्या चार ओळी प्लास्टिकला चिकटून निघून गेल्या. खालच्या सात उरल्या. प्लास्टिक चढवताना गरम रुळाखाली चेपून चर निम्मे बुजले होते. तिने त्या सात ओळी आजच्या पत्राशी ताडल्या. यंत्र बराच वेळ घुमत राहिलं.

एक्याऐंशी.

अजितच्या अक्षराशी ताडलं तेव्हा सहा.

एक्याऐंशी म्हणजे ना धड इकडचं, ना धड तिकडचं. नियम नव्वदचा होता. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

---

“थोडक्यात,” राज्यपाल म्हणाले, “दोन वर्षं मी तुमच्या यजमानांशी पत्रव्यवहार करत होतो.”

“हो, सर.”

“त्यांची मराठी चांगली आहे.”

लोहोकरे उभेच होते. “सर, बाईंचा नवरा खोट्या साक्षीचा गुन्हेगार आहे, हे त्या स्वतःच सांगतात. त्याच्याच शब्दावर यंत्र झुगारायचं? एक्याऐंशी टक्के म्हणजे पाचात एक चूक. आणि तो फितूर असेल तर बाईंनाही...” ते थांबले, पण पुढचं सगळ्यांना कळलं.

“मीही तोच विचार केला,” वृंदा म्हणाली. “दुपारभर दुसरं काही केलंच नाही.”

राज्यपालांनी पत्र पुन्हा जवळ ओढलं. “जनरल स्वतःच्या हाताने कोणाला लिहितात म्हणालात?”

“जवान गेला की त्याच्या घरी, सर. फक्त तेवढ्यालाच.”

ते वाचत राहिले. मग त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. ‘आमची एकही गाडी त्यावर येणार नाही, वर नाही आणि खालीही नाही.’ त्यांनी ती ओळ लोहोकऱ्यांपुढे सरकवली.

“दारूगोळा नको म्हणतो तो कोणता सेनापती, विचारलंत ना तुम्ही? ज्याला माहीत आहे की तो पोहोचणार नाही. आणि खाली यायचं नाही हे ज्याने ठरवलंय.” “लोहोकरे, हे आघाडीवरचं पत्र नाही. हे घरी पाठवायचं पत्र आहे. आपल्या माणसांचं आणि स्वतःचं, आगाऊ लिहिलेलं.”

लोहोकऱ्यांनी ओळ वाचली. मग ते खुर्ची ओढून बसले.

“दाखला तरीही तुमचाच लागतो,” राज्यपाल वृंदाला म्हणाले. “माझा अंदाज म्हणजे पुरावा नव्हे. फक्त ‘खरे’ असं लिहा आणि सही करा. कारणाचा रकाना कोरा राहिला तर आज मी विचारणार नाही.”

तो रकाना कोरा ठेवणं किती सोपं होतं. अजित वाचला असता. पण मग यंत्रात घोरपड्यांच्या नावावर त्याचंच अक्षर राहिलं असतं, आणि उद्या कोणाचं खरं पत्र पुन्हा चार टक्क्यांवर अडलं असतं. तिने ‘खरे’ लिहिलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं : ‘आजवरचे सर्व नमुने मेजर अजित खानविलकर यांच्या हातचे आहेत.’ खाली सही केली. अक्षर वेडंवाकडं आलं.

तीन पन्नासला पहिला हुकूम सुटला.

---

रोंगल्याची शेवटची बस दुसऱ्या दिवशी रात्री साडेनऊला पूल ओलांडून आली; चोवीस तासांचा अंदाज घाटात फसला होता. पत्रात पूल चारपर्यंत धरतो असं होतं. पण खालच्या लोकांनी खरं-खोटं करण्यात साडेपाच तास घालवले होते, आणि तेवढेच तास वरच्यांनी जास्त लढून काढले. पूल धरून बसलेल्या नऊशेपैकी एकसष्ट जण नदी पोहून परत आले. जनरल घोरपडे त्यांच्यात नव्हते.

चौथ्या दिवशी सकाळी लष्करी पोलीस अजितला न्यायला आले. टाके अजून ओले होते, म्हणून त्यांनी त्याला बूट घालायला वेळ दिला. वृंदाने खाली बसून नाड्या बांधल्या.

“मी वर असतो तर ते पत्र साहेबांनी मलाच लिहायला लावलं असतं कदाचित,” तो म्हणाला. “यंत्राने दहाच मिनिटांत पास केलं असतं. साडेपाच तास वाचले असते.”

“आणि तू?”

“मी साहेबांबरोबर राहिलो असतो.” तो तिच्या डोक्याकडे बघत होता. “एक विचारू? सही केलीस तेव्हा तुझा माझ्यावर विश्वास होता, की एक्याऐंशी टक्क्यांवर?”

खोटं बोलणं सोपं होतं, आणि अशा वेळी बायका बोलतातही. पण घरात पुरेसं खोटं होऊन गेलं होतं.

“तुझ्यावर नव्हता,” ती म्हणाली. “यंत्रावरही नव्हता.”

“मग?”

“रेश्माने उत्तर न मिळताही ते पत्र माझ्या हातात दिलं. जाताना तिने मला विचारलं असतं, ताई, हे साहेबांनीच लिहिलंय ना, तर मी हो म्हणाले असते, आकडा न बघता. सही करायला टेबलाशी बसले तेव्हा माझ्या मनात तेच होतं.”

अजितने मान हलवली. त्याला लागलं होतं, ते दिसत होतं, आणि तिने ते पाहिल्याचं दाखवलं नाही. तिने दुसरी नाडी बांधली, गाठ दोनदा आवळली, आणि उभं राहून त्याला हाताचा आधार दिला. पोलिसांनी जीपचं दार उघडून धरलं होतं.

“पत्र लिही,” ती म्हणाली.

“तू तपासून घेशील,” तो म्हणाला.

“घेईन,” वृंदा म्हणाली, आणि त्याचा हात जीपच्या दारापर्यंत सोडला नाही.